माशांचे लिंग आणि पाण्याचा पारा

गोठ्यात कालवड जन्मावी आणि खुराड्यात कोंबड्यांऐवजी तलंगा वाढाव्यात, ही पशुपालकाची इच्छा फार जुनी आहे. ती पुरी करण्याचा मार्ग मात्र बऱ्याच उशिरा सापडला, तोही गायी-म्हशींपुरता आणि रेतनापूर्वी शुक्रजंतूंची वर्गवारी करून. कारण गाय असो वा कोंबडी, नर की मादी याचा निवाडा फलनाच्या क्षणी गुणसूत्रे करतात आणि त्यावर पुढे अपील नसते. मत्स्यपालकाची गोष्ट निराळी आहे. माशांच्या अनेक जातींत पिलू अंड्यातून बाहेर पडल्यानंतरही काही दिवस, काही जातींत तर कित्येक आठवडे, त्याचे लिंग अनिर्णित असते. या मुदतीत पिलू ज्या पाण्यात पोहत असते त्या पाण्याचे तापमान दोन-चार अंशांनी वर-खाली झाले, तर गुणसूत्रांनी दिलेला कौल फिरू शकतो. ज्याने मादी व्हायचे ते पिलू नर होते, आणि मग आयुष्यभर नरच राहते.

प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय म्हणून हे सारे सोडून देता आले असते. पण आता तशी स्थिती राहिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात प्रथमच पाळलेल्या जलचरांचे उत्पादन पकडून आणलेल्या जलचरांपेक्षा अधिक झाले. ९ कोटी ४४ लाख टन, म्हणजे एकूण जलचर उत्पादनाच्या ५१ टक्के! भारत या क्षेत्रात जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे. माणसाच्या ताटातील मासा आता निम्म्याहून अधिक वेळा कोणाच्या तरी तळ्यातून, टाकीतून वा पिंजऱ्यातून येतो. त्या माशाचे लिंग कोणते, यावर तो किती दिवसांत किती वाढेल हे ठरते. आणि तो किती वाढेल यावर पालकाचे कर्ज फिटेल की नाही हे ठरते.

तापमान आणि वाढ यांचा संबंध तसा सरळ आहे. मासा शीतरक्ती प्राणी. आपले शरीर उबदार ठेवण्यासाठी तो अन्न खर्च करीत नाही, भोवतालचे पाणी जितके उबदार तितकेच त्याचे रक्त उबदार. ढोबळमानाने पाणी दहा अंशांनी तापले की त्याच्या शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुपटीवर जातो. भूक वाढते, पचन वेगाने होते, मांस चढते. परंतु हा चढ एका टोकापर्यंतच असतो. प्रत्येक जातीचे एक सोयीचे तापमान असते. ते ओलांडले की खाल्लेले सारे श्वासोच्छ्वासात आणि देहधारणेत खर्ची पडू लागते. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे माशाला प्राणवायूची गरज वाढते नेमकी तेव्हाच पाण्याची तिजोरी आटते. उन्हाळ्यात पहाटेच्या वेळी तळ्यातले मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात, त्याचे कारण हेच. आपल्याकडे चिलापी म्हणून ओळखला जाणारा तिलापिया २८ ते ३० अंशांच्या आसपास उत्तम वाढतो. पारा सोळा-सतराच्या खाली गेला की तो खाणे जवळपास सोडून देतो आणि दहा-बारा अंशांच्या खाली तग धरणे त्याला कठीण होते.

लिंगाची कथा मात्र इतकी सरळ नाही, आणि ती उलगडायलाही वेळ लागला. तापमान लिंग ठरवू शकते याची पहिली नोंद माशांत नव्हे तर सरड्यांत झाली. मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने १९६६ साली सेनेगलमध्ये एका जातीच्या सरड्याची अंडी निरनिराळ्या तापमानांत उबवून ती केली. माशांबाबतचा निर्णायक पुरावा १९८१ मध्ये आला. डेव्हिड कोनोव्हर आणि बॉइड किनार्ड यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ‘अटलांटिक सिल्व्हरसाइड’ या बोटभर माशाचा अभ्यास ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध केला. हंगामाच्या सुरुवातीला, गार पाण्यात जन्मलेली पिले बहुतांशी माद्या होतात आणि उशिरा, तापलेल्या पाण्यात जन्मलेली बहुतांशी नर होतात, असे त्यांना आढळले. या माशाचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे. लवकर जन्मलेल्याला वाढायला अधिक दिवस मिळतात. मोठ्या देहाचा फायदा नरापेक्षा मादीला अधिक, कारण देह मोठा तर अंडी जास्त. थोडक्यात, तापमान हे या पिलांसाठी पंचांगाचे काम करते. निसर्गाचा हिशेब इतका चोख की पुढे याच माशाच्या उत्तरेकडील, आखूड उन्हाळ्याच्या प्रदेशातील समूहांत तापमानाचा हा प्रभाव क्षीण असल्याचे दिसून आले. तिथे लवकर-उशिरा जन्मण्याने फारसा फरकच पडत नाही. मग पंचांग पाहायचे कशाला?

हे घडते कसे, याचे उत्तर आता बऱ्यापैकी हाती आहे. पिलाच्या शरीरातील जननग्रंथी सुरुवातीला दोन्ही वाटांनी जाऊ शकते. तिचे वृषण होईल किंवा बीजांडकोश. या फाट्यावर अरोमाटेज नावाचे एक विकर उभे असते. नर संप्रेरकांचे मादी संप्रेरकांत रूपांतर करणे हे त्याचे काम. ते पुरेसे तयार झाले तर बीजांडकोश घडतो, कमी पडले तर वृषण. अनेक जातींत वाढलेले तापमान याच विकराचे उत्पादन दाबते. बार्सिलोना येथील सागरविज्ञान संस्थेतील फ्रान्सेस्क पिफेरेर यांच्या गटाने २०११ मध्ये त्यामागची यंत्रणाही दाखवून दिली. उबदार पाण्यात वाढलेल्या पिलांमध्ये अरोमाटेजच्या जनुकाच्या नियंत्रक भागावर मिथाइल रेणूंची चिकटपट्टी अधिक दाट बसते आणि जनुकाचा आवाज क्षीण होतो. जनुकातील अक्षर एकही बदलत नाही. फक्त ते वाचले जात नाही. जपान आणि अर्जेंटिना येथील अभ्यासांतून आणखी एक धागा पुढे आला. हिरामे हा जपानी चपटा मासा आणि पेहेरे हा अर्जेंटिनातील सरोवरांचा मासा या दोघांतही तापलेल्या पाण्यात ताणाचे संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, वाढते आणि तेच नरत्वाकडे ढकलते. पेहेरेचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात शोभावे असे. १७ अंशांना सगळ्या माद्या, २९ अंशांना सगळे नर आणि मधल्या तापमानाला दोहोंची मिसळ.

या ज्ञानाची किंमत पालकांनी सर्वांत आधी मोजली ती युरोपात. भूमध्य समुद्राच्या काठी ‘युरोपीय सी-बास’ या माशाचे संवर्धन मोठ्या प्रमाणावर चालते. तुर्कस्तान आणि ग्रीस हे त्यातले आघाडीचे देश. या जातीत मादी नरापेक्षा लवकर वाढते आणि बाजारात न्यायच्या वेळी तिचे वजन नराहून सुमारे तीस टक्क्यांनी अधिक भरते. शिवाय बरेच नर बाजारायोग्य होण्याआधीच वयात येतात, खाद्य मांसाऐवजी प्रजननाकडे वळते आणि वाढ मंदावते. म्हणजे पालकाला हवी मादी. प्रत्यक्षात त्याच्या पिंजऱ्यात निघायचे ७० ते ९५ टक्के नर! समुद्रात आपापले वाढणाऱ्या याच जातीत नरांचा असा एकतर्फी भरणा दिसत नाही. मग पिंजऱ्यातच असे का व्हावे, हे कोडे बराच काळ सुटत नव्हते.

उत्तर बीज केंद्राच्या टाकीत होते. पिलांची वाढ लवकर व्हावी म्हणून केंद्रचालक पाणी वीस अंशांच्या वर तापवून ठेवीत. त्यांच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच होते. टाकी लवकर मोकळी होई, पिले लवकर विकली जात, पुढचा घाणा लावता येई. परंतु हीच ऊब त्या पिलांना नर करीत होती. केंद्राने पहिल्या दोन महिन्यांत जो वेळ वाचवला तो पुढे पिंजरेवाल्याच्या दीड-दोन वर्षांतून वसूल होत राहिला. एकाच तापमानाने वाढ आधी दिली आणि नंतर हिरावून घेतली. या व्यवहारातला खरा पेच शास्त्रीय नसून आर्थिक आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे. ऊब देण्याचा फायदा ज्याच्या पदरात पडतो आणि तोटा ज्याच्या माथी बसतो, ते दोघे वेगळे आहेत. बीज विकून मोकळ्या झालेल्या केंद्राला आपल्या पिलांतून पुढे किती माद्या निघाल्या याची झळ लागत नाही. एका मालकाकडे बीज केंद्रही असेल आणि पिंजरेही असतील, तिथे मात्र हा हिशेब चटकन सुधारतो.

उपाय वरकरणी सोपा. पहिले साठेक दिवस पाणी १७ अंशांच्या खाली ठेवायचे आणि मग तापवायचे. त्याने माद्यांचे प्रमाण वाढते हे प्रयोगांनी दाखवले आहे. परंतु गार पाण्यात पिलांची वाढ रखडते, हा एक भाग. आणि दुसरा असा की २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच संशोधकांच्या कामातून एक वळण पुढे आले. सुरुवातीची गारवा देणारी मुदत मादीला अनुकूल असते खरी, पण तोच गारवा पुढे बालवयातही लांबवला तर उलट नरांचे प्रमाण वाढते. गारवा कधी थांबवायचा हे गारवा देण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. त्यात या जातीत आपल्यासारखी एक्स-वायची सरळ जोडी नाही. अनेक जनुके आपापला थोडा थोडा कौल टाकतात आणि तापमान हे त्यातले एक वजनदार मत, असे गृहीतक मार्क वांदेपुट व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडले आणि ते बऱ्याच अंशी टिकले आहे. त्यामुळे तेच तापमान एका जोडीच्या पिलांत निम्म्या माद्या देते आणि दुसऱ्या जोडीच्या पिलांत दहात एक.

आता भारताकडे, आणि विशेषतः महाराष्ट्राकडे वळले की चित्र नेमके उलटे होते. इथे प्रश्न तिलापियाचा आहे आणि तिलापियात पालकाला हवा असतो नर. या माशाची मादी अंडी तोंडात धरून उबवते; त्या दहा-बारा दिवसांत ती जवळपास खातच नाही. पिले सुटतात, महिना-दीड महिन्यात ती पुन्हा अंडी घालायला तयार. वय जेमतेम काही महिन्यांचे, देह हाताच्या पंजाएवढाही नाही आणि संसार मात्र सुरू! तळ्यात नर-माद्या एकत्र सोडल्या तर अल्पावधीत पिलांची इतकी गर्दी होते की खाद्य वाटले जाऊन कोणीच मोठे होत नाही. मोझाम्बिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि काही वर्षांतच अनेक तळ्यांची हीच गत झाली. १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदीची शिफारस झाली, तोवर तो सर्वदूर पोहोचलेला होता. भिगवणला उजनीच्या पाणवठ्यावर पट्टकादंब आणि रोहित पक्षी पाहायला जाणारा पुण्या-मुंबईचा पर्यटक दुपारी चिलापीवर ताव मारून परततो. त्याच्या ताटातला तो मासा भीमेचा मूळ रहिवासी नाही, हे त्याला सहसा ठाऊक नसते.

पुढचा अध्याय ‘गिफ्ट’ तिलापियाचा. १९८८ मध्ये फिलिपाइन्समध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल येथील नद्या-तलावांतील नाईल तिलापिया आणि आशियातील पाळीव वाण एकत्र आणून निवड पद्धतीने सुधारित वाण घडवण्यात आला. पाच पिढ्यांत वाढीचा वेग सुमारे ८५ टक्क्यांनी वाढल्याचे नोंदले गेले. नावातील ‘जेनेटिकली इम्प्रूव्हड’ या शब्दांमुळे अनेकांचा गैरसमज होतो. यात परक्या जनुकाचे रोपण नाही, निवडीचा जुनाच मार्ग आहे. भारत सरकारने पुढे काही अटींवर तिलापिया पालनाला मुभा दिली. त्यातली मुख्य अट अशी की पाळायचे ते एकलिंगी, म्हणजे सर्व नर, किंवा वांझ मासे. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्राने आंध्र प्रदेशात विजयवाड्याजवळ या वाणाचे पैदास केंद्र उभारले. २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली आणि जलाशयांतील पिंजरा संवर्धनाला जोर मिळाला. महाराष्ट्राच्या धरणांत पिंजरे दिसू लागले. शेततळ्याच्या प्लास्टिकवरही मासे पोहू लागले.

सर्व नर पिले मिळवण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे संप्रेरक. पिले खाऊ लागल्यापासून तीन-चार आठवडे त्यांच्या खाद्यात १७-अल्फा मिथाइल टेस्टोस्टेरॉन मिसळायचे. लिंगनिश्चितीच्या मुदतीत हे मिळाले की गुणसूत्रांनी मादी असलेली पिलेही नर होतात. मासा पुढे पाच-सहा महिने वाढून बाजारात येतो, तोवर त्याच्या अंगात या औषधाचा मागमूस उरत नाही, असे मोजमाप सांगते आणि त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. खऱ्या शंका वेगळ्या आहेत. उघड्या हातांनी ते खाद्य कालवणारा कामगार आणि टाकीतून ओढ्यात सुटणारे पाणी यांची दखल कोण घेतो? शहरी ग्राहकाची भीती ताटाशी निगडित असते. जोखीम मात्र टाकीजवळ राबणाऱ्याच्या वाट्याला येते.

म्हणूनच संप्रेरकाऐवजी ऊब हा विचार आकर्षक ठरतो. फ्रान्समधील जाँ-फ्रान्स्वा बारोयेर आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिले की नाईल तिलापियाच्या पिलांना फलनानंतर साधारण दहाव्या दिवसापासून किमान दहा दिवस ३६ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवले तर नरांचे प्रमाण वाढते. औषध नाही, परवाना नाही, ओढ्यात काही सोडायचे नाही; उष्ण कटिबंधात तर इंधनही फारसे लागू नये. मग हा मार्ग सर्वत्र का रूढ झाला नाही?

पहिले कारण घराण्यांचे. एका जोडीची पिले ३६ अंशांत जवळपास सगळी नर होतात, तर दुसऱ्या जोडीच्या पिलांवर त्याच पाण्याचा ढिम्म परिणाम होत नाही. पालकाला ९५ टक्के नर हवे असतात. सरासरी सत्तर टक्के त्याच्या कामाचे नाहीत. उरलेल्या तीस टक्के माद्या तळे पिलांनी भरून टाकायला पुरेशा आहेत. जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात उबेला प्रतिसाद देणारी घराणी निवडून वाढवण्याचे प्रयोग झाले आणि हा गुण आनुवंशिक असल्याने काही पिढ्यांतच निवडीला फळ येते, असे त्यांतून दिसले. म्हणजे मार्ग आहे, पण तो थर्मामीटरपाशी सुरू होत नाही; पैदाशीच्या वहीपाशी सुरू होतो. दुसरे कारण असे की इतके तापमान पिलांच्या सहनशक्तीच्या कडेवरचे आहे. प्राणवायूचा पुरवठा क्षणभर चुकला तर मरतूक होते, आणि वाचलेल्यांत व्यंगे राहू शकतात.

तिसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणून दुर्लक्षित. ऊब दिल्याने मादीचा नर होतो तो देहाने. गुणसूत्रे एक्स-एक्सच राहतात. असा नर बाहेरून ओळखता येत नाही. तो चुकून पैदाशीच्या कळपात शिरला आणि मादीशी जुळला, तर त्यांच्या पिलांत वाय गुणसूत्र येणार कोठून? साध्या तापमानाला ती सगळी पिले माद्या निघतील. नरांसाठी खटपट करणारे केंद्र एका पिढीनंतर माद्यांचे केंद्र झालेले असेल. याच तर्काचा उलटा आणि हुशार उपयोग ब्रिटनमधील स्वॉन्झी विद्यापीठ आणि फिलिपाइन्समधील संशोधकांनी केला. एक्स-वाय पिलांना मादी संप्रेरक देऊन माद्या बनवायच्या, त्यांचा संकर साध्या नरांशी करून दोन वाय असलेले ‘अतिनर’ मिळवायचे आणि ते बीजोत्पादनाला वापरायचे. मग बाजारात जाणाऱ्या पिलांना कोणतेही औषध न देता जवळपास सगळे नर मिळतात. ‘जवळपास’ हा शब्द इथेही राहतोच, कारण इतर जनुके आणि तापमान आपला कौल टाकायचे सोडत नाहीत.

उबेचा ठसा एका पिढीवर थांबतो का? चीनमधील एका माशाने या प्रश्नाला अस्वस्थ करणारे उत्तर दिले आहे. कोकणात ज्याला लेप म्हणतात त्या चपट्या माशाच्या कुळातील, अर्धचिकण्या जिभेसारखा दिसणारा एक मासा तिथे पाळला जातो. त्याची मादी नराच्या दुप्पट ते चौपट मोठी होते. २८ अंशांच्या पाण्यात वाढवलेल्या, गुणसूत्रांनी मादी असलेल्या पिलांपैकी सुमारे ७३ टक्के नर झाली. साध्या तापमानाला हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास असते. यापुढची गोष्ट महत्त्वाची: या बनलेल्या नरांच्या अपत्यांना साध्या तापमानात वाढवले, तरी गुणसूत्रांनी मादी असलेली अपत्ये मोठ्या संख्येने नरच झाली. बापाच्या शुक्रजंतूंतून मिथाइल रेणूंची मांडणी पुढे गेली होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाचा पालकासाठी अर्थ असा की टाकीतील एका उन्हाळ्याची शिक्षा न पाहिलेल्या पिढीला भोगावी लागू शकते.

एव्हाना वाचकाच्या मनात हवामानबदलाचा प्रश्न आला असेल, आणि तो रास्त आहे. मात्र इथे घाई नको. २००८ मध्ये ओस्पिना-आल्वारेस आणि पिफेरेर यांनी तोवर ‘तापमानावर लिंग ठरणारे’ म्हणून गणल्या गेलेल्या ५९ जातींचा फेरआढावा घेतला. त्यातील बऱ्याच जातींत लिंग मुळात गुणसूत्रेच ठरवतात आणि निसर्गात सहसा न आढळणाऱ्या टोकाच्या तापमानातच त्यात फेरफार होतो, असे त्यांना दिसले. म्हणजे प्रत्येक मासा पाऱ्याचा गुलाम नाही. परंतु ज्या जाती खरोखरच संवेदनशील आहेत त्यांच्यात दिशा एकच: पाणी तापले की नर वाढतात. अशा जातींत अवघ्या एक-दोन अंशांच्या वाढीने नर-मादी प्रमाण एकास एकवरून तिनास एकवर जाऊ शकते. समुद्री कासवांत हेच गणित उलटे आहे; तिथे वाळू तापली की माद्या जन्मतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांची तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या अल्पवयीन पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या निघाल्या. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांनाही हाच नियम लागू आहे. कासवांच्या कळपात नर थोडे असले तरी काही काळ भागते. माशांच्या थव्यात माद्या घटल्या तर अंडीच घटतात. दोन्हींची तुलना करताना हा फरक विसरला जातो.

नाईल तिलापियाबाबत एक गमतीशीर, पण विचार करायला लावणारी गोष्टही समोर आली आहे. वेगवेगळ्या तापमानांचे कप्पे उपलब्ध करून दिले, तर काही पिले आपणहून उबदार कप्प्याकडे जातात, आणि त्यातून गुणसूत्रांनी मादी असलेली काही पिले कोणी न सांगता नर होतात. तळ्याच्या उथळ काठाशी उन्हात तापणाऱ्या पाण्यात पिलांचे थवे जमतात, हे दृश्य नवे नाही. त्या काठावर निसर्गतः असे किती ‘बनलेले’ नर तयार होत असतील, हा प्रश्न मात्र नवा आहे.

महाराष्ट्रातील पालकापुरते बोलायचे तर एक गैरसमज आधी दूर व्हायला हवा. विदर्भात मे महिन्यात हवेचा पारा ४५ अंशांपार जातो तेव्हा तळ्यातील माशांचे लिंग बदलत नाही. बोटुकली तळ्यात किंवा पिंजऱ्यात सोडली जाते तेव्हा तो निवाडा केव्हाच होऊन गेलेला असतो. तिथून पुढे उष्णता फक्त वाढ, भूक आणि प्राणवायू यांच्याशी खेळते. तिच्यासाठी उपाय सावली, खोली, हवा खेळवणारी यंत्रे आणि दुपारच्या खाद्यात कपात हेच. निफाडच्या थंडीत वाढ खुंटली तर तोही लिंगाचा दोष नव्हे. लिंगाचा प्रश्न सारा बीज केंद्रातल्या पहिल्या तीन-चार आठवड्यांचा आहे. हे आठवडे पालक कधीच पाहत नाही. त्याच्या हाती येते ती प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी आणि ‘सर्व नर’ हे तोंडी आश्वासन. बोटुकलीच्या आकारात नर-मादी डोळ्यांनी ओळखणे अशक्यप्राय. फसगत कळते ती तीन-चार महिन्यांनी, जाळ्यात नखाएवढी पिले येऊ लागतात तेव्हा. आणि तोवर खाद्याचे पैसे खर्च झालेले असतात.

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मत्स्यबीजाच्या बाबतीत तसाच आग्रह धरण्यात अव्यवहार्य काही नाही. कोणत्या घराण्याचे बीज, संप्रेरक दिले की नाही, दिले तर किती दिवस, आणि त्या दिवसांत टाकीचे पाणी किती अंशांवर होते, एवढ्या चार नोंदी. शेवटची नोंद सर्वांत स्वस्त. तिला एक थर्मामीटर आणि सकाळ-संध्याकाळ लिहिणारा माणूस लागतो. प्रत्येक घाण्यातून शंभरेक पिले बाजूला ठेवून, थोडी वाढवून, त्यांच्या जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत जगभर रूढ आहे आणि मत्स्य महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना ती सहज जमण्यासारखी आहे. जलाशय ठेक्याने देताना आणि पिंजऱ्यांना अनुदान देताना पिंजऱ्याची लांबी-रुंदी, जाळीची जाडी, तरंगत्या पिंपांची संख्या यांची काटेकोर पाहणी होते. त्या पिंजऱ्यात सोडल्या जाणाऱ्या पिलांचे पहिले एकवीस दिवस कसे गेले, हा प्रश्न त्या पाहणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवून विचारता येईल.